सिग्नल गेला तर सांगकाम्या काय करणार?

दुबईहून अल ऐनला जाताना अल मरमूमचं उंटांच्या शर्यतीचं मैदान लागतं. हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी तिथे जाऊन पाहण्यासारखं दृश्य असतं. कठड्याच्या आत उंट धावत असतात आणि कठड्याच्या बाहेर, त्यांच्या बरोबरीने, मालकांच्या आणि ट्रेनर्सच्या मोठाल्या गाड्या पळत असतात. हॉर्न, धूळ, आरडाओरडा. उंटाच्या पाठीवर मात्र माणूस नसतो. तिथे रंगीत सदरा आणि टोपी घातलेलं, दोन-तीन किलो वजनाचं एक ठेंगणं यंत्र बांधलेलं असतं. त्याच्या पोटात बॅटरी, कॉर्डलेस ड्रिलमध्ये असते तसली मोटर, मोटरला जोडलेला चाबूक आणि एक वॉकी-टॉकी. मालक गाडीतून बटण दाबतो, चाबूक फिरतो. मालक ओरडतो, आवाज थेट उंटाच्या कानाजवळ येतो.

पाहुण्यांना ही गंमत वाटते, पण मागचा इतिहास गमतीचा नाही. पूर्वी त्या जागी लहान मुलं बसवली जात. पाकिस्तान, बांगलादेश, सुदान, मॉरिटानिया इथून आणलेली, काही तर अगदी चार-पाच वर्षांची. वजन जितकं कमी तितका उंट वेगात, एवढा साधा हिशोब. २००५ साली अमिरातीने कायदा करून अठरा वर्षांखालच्या जॉकींना बंदी केली, युनिसेफबरोबर करार केला आणि हजाराहून जास्त मुलं आपापल्या देशी परत पाठवली गेली. त्यांच्या रिकाम्या जागेवर हे यंत्र आलं. रोबोमुळे माणसाची नोकरी गेली तर आनंद मानावा असं हे एक उदाहरण!

आता इंजिनिअर माणसाच्या डोक्यात अशा ठिकाणी भलतेच प्रश्न येतात. मालकाने बटण दाबलं आणि ते पोचलंच नाही, तर? दहा-वीस गाड्यांमधून दहा-वीस रिमोट एकाच वेळी बोलताहेत, मध्ये लोखंडी पत्र्याच्या गाड्या आहेत, एखाद्याचा सिग्नल तुटणारच. उत्तर सोपं आहे. चाबूक थांबतो आणि उंट आपला पळत राहतो. उंटाला पाय आहेत, डोळे आहेत, आणि मालकापेक्षा थोडी जास्त अक्कलही असावी. म्हणजे सिग्नल गेला तरी कारभार उंट सांभाळतो.

पण यंत्राच्या खाली उंट नसेल, आणि यंत्र दोन किलोचं नसून साठ किलोचं असेल, तर कारभार कोण सांभाळणार? या लेखाचा विषय तो आहे.

आपल्याकडे 'सांगकाम्या' हा फार छान शब्द आहे. सांगितलेलं काम करतो, न सांगितलेलं करत नाही, आणि थांब म्हणेपर्यंत थांबत नाही. रिमोटवर चालणारं प्रत्येक यंत्र मुळात सांगकाम्या असतं. 'पुढे जा' म्हणालात, गेला. त्यानंतर तुमचा आवाजच त्याच्यापर्यंत पोचला नाही, तर तो शेवटचा हुकूम प्रमाण मानून भिंतीपर्यंत जाईल आणि भिंतीलाही ढकलत राहील. म्हणून अशा यंत्राला कामाआधीच एक जादा हुकूम देऊन ठेवावा लागतो : 'माझा आवाज आला नाही तर अमुक कर.' यालाच फेलसेफ म्हणतात.

ही कल्पना रोबोंच्या कितीतरी आधीची आहे आणि आपण सगळे तिच्या जोरावर प्रवास केलेले आहोत. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला हातातली मूठ दाबून धरावी लागते. हात सुटला की ब्रेक लागतो. रेल्वेचा हवेचा ब्रेकही असाच. पाइपातला हवेचा दाब ब्रेकला सोडवून धरतो, लावत नाही. डबे मधूनच सुटले, पाइप फुटला, साखळी ओढली, काहीही झालं तरी दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतो. यातली मेख लक्षात घ्या. 'थांब' हा निरोप पाठवावाच लागत नाही. 'चालू राहा' हा निरोप सतत पाठवावा लागतो, आणि तो बंद पडणं म्हणजेच थांबणं. निरोप्या वाटेत मेला तरी काम बरोबर होतं.

आता साठ किलोच्या सांगकाम्याकडे येऊ. पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये रोबोंच्या कुस्त्या होतात, रोबोवॉर्स. वरच्या गटात साठ किलोपर्यंतचे रोबो उतरतात. कुणाला गरगर फिरणारी पोलादी चकती, कुणाला आडवं पातं, कुणाला ढोलासारखा फिरणारा ड्रम. आमच्या कॉलेजच्या काळात बऱ्याच स्पर्धांमध्ये वायरीचे रोबो चालत. एक जण कंट्रोलर हातात घेऊन, दुसरा जाडजूड वायरींची जुडी सावरत मागे पळणारा. वायर तुटली की करंट बंद, रोबो थंड. फेलसेफ फुकटात! वायर गेली, वायरलेस आलं, आणि फुकटची सोय संपली.

रेडिओवर काय घडतं ते थोडक्यात सांगतो. तुमच्या हातातला ट्रान्समीटर रोबोमधल्या रिसीव्हरला दर सेकंदाला कित्येक वेळा दांड्यांची जागा कळवत असतो. रिसीव्हर ती पुढे मोटरच्या कंट्रोलरला देतो, साधारण दर वीस मिलिसेकंदांनी एक छोटा ठोका. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर दांडी मधोमध, म्हणजे थांब. दोन मिलिसेकंद म्हणजे पूर्ण वेगाने पुढे, एक मिलिसेकंद म्हणजे पूर्ण वेगाने मागे. हवेतला निरोप तुटला तर रिसीव्हर तीनपैकी एक गोष्ट करतो. शेवटचा ठोकाच पुन्हा पुन्हा देत राहतो, किंवा ठोके देणं बंद करतो, किंवा आधी ठरवून दिलेला ठोका देतो. पहिला प्रकार जड रोबोसाठी सगळ्यात घातक. आणि गंमत म्हणजे काही रिसीव्हरांत कारखान्यातून येताना तोच असतो, कारण विमानाच्या मॉडेलला एका क्षणासाठी सिग्नल गेला तर आहे तसं उडत राहणं बरं असतं.

विमानावरून आठवलं. इथे एक खरा सापळा आहे आणि नव्या टीम त्यात हमखास सापडतात. बाजारात मिळणारे बहुतेक रेडिओ विमान-हेलिकॉप्टरच्या हौशी मंडळींसाठी बनवलेले असतात. त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, 'सिग्नल गेल्यास थ्रॉटल सर्वांत खाली ठेवा.' विमानाच्या दृष्टीने सर्वांत खाली म्हणजे इंजिन बंद, अगदी योग्य सल्ला. पण रोबोच्या चाकांना पुढे-मागे दोन्ही जायचं असतं, त्यांचा शून्य मधोमध असतो. तिथे 'सर्वांत खाली' म्हणजे बंद नव्हे, पूर्ण वेगाने मागे! पुस्तक वाचून, मन लावून, प्रामाणिकपणे फेलसेफ बसवलेला रोबो सिग्नल जाताच उलट्या पावली सुसाट निघतो, आणि मागे बहुतेक वेळा त्याचे मालकच उभे असतात. तेव्हा चाकांच्या चॅनेलला मधली जागा आणि हत्याराच्या चॅनेलला बंदची जागा, असं वेगवेगळं ठरवून द्यायचं. काही रिसीव्हर ट्रान्समीटरशी पहिली ओळख करून घेताना, म्हणजे बाइंडिंगच्या वेळी, दांड्या ज्या जागी असतील तीच जागा फेलसेफ म्हणून लक्षात ठेवतात. त्या वेळी कुणाचा अंगठा दांडीवर रेललेला असेल तर तोच अंगठा पुढे वर्षभर रोबोच्या स्मरणात राहतो.

किती वेळ वाट पाहून सिग्नल 'गेला' असं समजायचं, हाही प्रश्न आहे. तासाला अठरा किलोमीटर हा काही फार वेग नव्हे, पण तो सेकंदाला पाच मीटर होतो. रोबोने एक सेकंद वाट पाहिली तर तो तोवर पाच मीटर आंधळा पळाला. दहावा भाग सेकंद पाहिली तर अर्धा मीटर. मग एकच निरोप चुकला तरी थांबवायचा का? तसं केलंत तर रोबो पहिल्या दिवशी गाडी शिकणाऱ्यासारखा आचके देत चालेल. मधला आकडा प्रत्येकाने आपल्या यंत्राचं वजन, वेग आणि आजूबाजूची माणसं बघून काढायचा. माझं मत विचाराल तर आचके परवडले.

सिग्नल फक्त हवेतच तुटतो असंही नाही. दोन रोबो एकमेकांना भिडले, मोटर अडकली, की ती बॅटरीतून प्रचंड करंट ओढते आणि व्होल्टेज क्षणभर खाली जातं. रिसीव्हर त्याच बॅटरीवर असेल तर त्याला भोवळ येते, तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं रेडिओ खराब आहे. रिसीव्हरला स्वतःची छोटी बॅटरी दिली की अर्ध्या तक्रारी मिटतात. अँटेनाचंही तसंच. लोखंडी पेटीत कोंडून ठेवली तर ती ऐकणार काय? तिला बाहेर बघायला एखादी प्लास्टिकची खिडकी हवी, आणि रोबो उलटा पडल्यावर ती खिडकी जमिनीकडे तर होत नाही ना, हेही पाहायला हवं.

शिवाय फेलसेफ सांगितल्याप्रमाणे वागला आणि तरीही मोटर थांबली नाही, असंही होतं. जास्त करंटने रिलेचे कॉन्टॅक्ट एकमेकांना वितळून चिकटतात. कंट्रोलरमधले ट्रान्झिस्टर जळताना अनेकदा 'बंद' न होता 'चालू' अवस्थेत जळतात. रिसीव्हर बिचारा 'थांब थांब' म्हणतोय आणि ऐकणारा कान शाबूत नाही. म्हणून मुख्य बॅटरीच्या वायरीवर एक वेगळा कॉन्टॅक्टर ठेवतात, सिग्नल असेतोच चिकटून राहणारा. आणि त्याहीवर, हाताने उपटून काढता येईल असा एक जोड बाहेरच्या बाजूला, हत्यारापासून लांब. रोबोजवळ जाण्याआधी तो काढायचा, रोबोपासून दूर झाल्याशिवाय लावायचा नाही. फिरणारी चकती तर करंट तोडल्यावरही फिरत राहते. तिच्यात साठलेली शक्ती रेडिओला विचारत नाही. म्हणून पुष्कळ स्पर्धांच्या नियमांत ती साठ सेकंदांत थांबली पाहिजे असं कलम असतं.

हे सगळं तपासायचं कसं? रोबो लाकडी ठोकळ्यांवर ठेवायचा, चाकं अधांतरी. हत्याराचा पट्टा काढून ठेवायचा. मग दांडी पूर्ण पुढे दाबून धरायची आणि तशीच धरून ट्रान्समीटर बंद करायचा. दांडी मध्ये असताना बंद करून 'थांबला, थांबला' म्हणण्यात अर्थ नाही, तो थांबलेलाच होता! नंतर ट्रान्समीटर चालू ठेवून रिसीव्हरपासून कंट्रोलरकडे जाणारी वायर उपटायची, कारण धक्क्याने ती वायरही निघते. मग रिसीव्हरची बॅटरी काढून पाहायची. रेडिओ बदलला, चॅनेल बदलला, नव्याने बाइंडिंग केलं, की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आता थोडं माझ्या प्रांतातलं. हल्लीच्या रोबोंमध्ये रिसीव्हर आणि मोटर यांच्यामध्ये एक छोटा संगणक बसतो, आणि तिथे सॉफ्टवेअरवाल्यांच्या करामती सुरू होतात. प्रोग्राम अडकला, हँग झाला, तर लोकांना वाटतं मोटर थांबेल. थांबत नाही! मोटरला ठोके देणारा चिपमधला भाग स्वतंत्र असतो, तो शेवटचा आकडा घेऊन इमानेइतबारे ठोके देतच राहतो. म्हणून चिपमध्ये वॉचडॉग नावाचा राखणदार असतो. प्रोग्रामने ठरावीक वेळात त्याला 'मी जिवंत आहे' असं सांगितलं नाही तर तो सगळं रीसेट करतो. हा राखणदार फुकट मिळतो, आणि डीबगिंगच्या वेळी भुंकतो म्हणून लोक त्याला बांधून ठेवतात.

वाय-फायवरून चालवलेल्या रोबोत आणखी एक प्रकार होतो. जाळं काही सेकंद अडकतं, तोवर तुमचे हुकूम रांगेत साठतात, आणि जाळं मोकळं झालं की ते सगळे एकदम येऊन थडकतात. चार सेकंदांपूर्वीचं 'पुढे जा' आता पोचतं. हा शिळा हुकूम. त्यावर वेळ लिहिलेली नसेल तर रोबो तो ताजा समजून पाळतो. आणि निरोप बदलून पोचला तर काय होतं, हे मराठी माणसाला शिकवायला नको. 'धरावे'चं 'मारावे' झालं आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ही 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो. आज प्रत्येक निरोपाच्या शेवटी त्याच्या अक्षरांवरून काढलेली एक बेरीज जोडतात. वाटेत एक अक्षर जरी बिघडलं तरी बेरीज जुळत नाही आणि निरोप फेकून देता येतो. गारदी मुळात बेरजा तपासणारे नव्हते. मुद्दाम अक्षर बदलणारा बेरीजही बदलू शकतो, त्यासाठी कुलूप-किल्लीवालं वेगळं तंत्र लागतं, तो विषय पुन्हा कधी.

इथपर्यंत वाचून असं वाटेल की सिग्नल गेला की थांबायचं, झालं. कुस्तीच्या रोबोसाठी झालं. सगळ्यांसाठी नाही. इथल्या बांधकामांवर क्रेनचा ऑपरेटर कमरेला रिमोट बांधून फिरताना तुम्ही पाहिला असेल. सिग्नल गेला तर क्रेनने दोन टनांचा गठ्ठा सोडून द्यायचा का? तिथे थांबणं म्हणजे धरून ठेवणं. म्हणून उचलणाऱ्या मोटरचा ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि विजेने सुटतो. वीज गेली, सिग्नल गेला, स्प्रिंग मिठी मारून बसते.

पुण्याजवळ दिघीला डीआरडीओच्या संस्थेत 'दक्ष' नावाचा बॉम्ब निकामी करणारा रोबो तयार झाला, आणि २०११ साली त्याची पहिली तुकडी लष्कराकडे गेली. जिने चढतो, संशयास्पद सामान हाताने उचलतो, आणि चालवणारा माणूस शेकडो मीटर लांब असतो. अशा यंत्राच्या हातात बॅग आहे आणि त्याच क्षणी सिग्नल गेला, तर? सगळा करंट तोडलात तर हात खाली येईल, बॅग पडेल. चाकांना ब्रेक, हाताला 'आहे तिथेच धर', आणि मारा करण्याचं साधन असेल तर ते निकामी, अशी अवयवागणिक वेगळी आज्ञा द्यावी लागते. त्यातच बॉम्बशोधक पथकं रिमोटने स्फोट होऊ नये म्हणून जॅमर लावतात. जॅमरला आपला-परका कळत नाही. म्हणून या कामात वायर अजून मानाने नांदते.

वायरही कधी घात करते. फुकुशिमाच्या अणुभट्टीत ऑक्टोबर २०११ मध्ये जपान्यांचा क्विन्स नावाचा रोबो दोन नंबरच्या इमारतीत गेला. परत येताना त्याची वायर कुठेतरी अडकली, संपर्क तुटला. रोबो शहाण्यासारखा जागेवर थांबला. पण किरणोत्सर्ग असलेल्या मजल्यावर त्याला आणायला जाणार कोण? तिथेच सोडून द्यावा लागला.

मग 'सिग्नल गेला तर घरी परत ये' असं सांगून ठेवावं का? ड्रोनना बहुधा तेच सांगतात. अमेरिकन नौदलाचं फायर स्काउट नावाचं मोठं, बिनमाणसाचं हेलिकॉप्टर २ ऑगस्ट २०१० रोजी मेरीलँडच्या तळावरून उडालं आणि त्याचा संपर्क तुटला. प्रोग्रामप्रमाणे त्याने परत यायचं होतं. ते आलं नाही, सुमारे सदतीस किलोमीटर वॉशिंग्टनच्या दिशेने उडत गेलं आणि राजधानीच्या निषिद्ध हवाई क्षेत्रात शिरलं. दुसऱ्या नियंत्रण केंद्रातून संपर्क जुळवून त्याला परत आणलं गेलं. दोष सॉफ्टवेअरचा होता. मला या बातमीत नवल वाटलं नाही. संपर्क तुटल्यावर चालणारा कोड हा प्रोग्राममधला सगळ्यात कमी चाललेला कोड असतो. रोज चालणाऱ्या भागातल्या चुका रोज सापडतात. अडगळीच्या खोलीतल्या भागातल्या चुका आग लागते त्या दिवशी सापडतात.

आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातलं सगळ्यात जड उदाहरण मात्र दुबई मेट्रो. ९ सप्टेंबर २००९ पासून ती विनाचालक धावते आहे. पहिल्या डब्यात पुढच्या काचेपाशी उभं राहून मुलं 'मी चालवतोय' म्हणतात ती हीच. रिमोट घेऊन कुणी बसलेलं नसतं, पण तत्त्व तेच. गाडीला 'इथपर्यंत पुढे जायला हरकत नाही' अशी परवानगी सतत मिळत राहावी लागते. ताजी परवानगी आली नाही की गाडी ब्रेक लावते. दोन स्टेशनांच्या मध्ये, उंच पुलावर गाडी उगाच थांबली की आपण घड्याळ बघून वैतागतो. तिथे थांबणंच बरोबर आहे, कारण पुढचं काही माहीत नसताना पुढे जाण्यापेक्षा मागच्या गाडीलाही वेळेवर थांबवणं सोपं असतं.

राहता राहिला सिग्नल परत आल्यावरचा प्रश्न. आपल्यातल्या अनेकांची मुलं इथल्या शाळांमध्ये रोबो बनवतात, त्यांना हे नक्की विचारा. सिग्नल गेला, रोबो थांबला, ऑपरेटर घाबरून दांडी पुढे रेटतोय, कुणीतरी 'काय झालं' म्हणून रोबोवर वाकलंय, आणि सिग्नल परत आला. बहुतेक रोबो त्या क्षणी उडी मारतात. चांगल्या यंत्रात सिग्नल परत आला तरी मोटर लगेच जागी होत नाही. सगळ्या दांड्या आधी मध्ये आणाव्या लागतात, मग एक वेगळं बटण मुद्दाम दाबावं लागतं, आणि तेव्हाच तो पुन्हा हुकूम ऐकायला लागतो. प्रोग्राममध्ये याला चार-पाच ओळी लागतात.